आजचं चिंतन : दुसऱ्याने बांधलेलं घर



आजचं वाचन : एकनाथी भागवत, अध्याय नववा. अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतोय, आणि आज पाळी आली सापाची.

साप घर बांधत नाही. वारूळ करतं कोणी, बीळ उकरतं कोणी, साप त्यात जाऊन राहतो आणि सुखात असतो. अवधूत म्हणतो, हा देहच टिकणारा नाही, मग त्याच्यासाठी घरं उभारत बसण्याचा खटाटोप शेवटी दुःखालाच कारण होतो. हे मी सापाकडून शिकलो.

नेहमीच्या वाचकांना माहीत आहे, मी रोज साधारण पन्नास ओव्या वाचतो. त्यामुळे वर्षभरात एक आवर्तन होतं, आणि तेच पान पुन्हा समोर येतं तेव्हा आपण मधल्या काळात काय केलं याचा हिशोब आपोआप लागतो. मागच्या वर्षी हा साप भेटला तेव्हा मी वीस वर्षांच्या कर्जाच्या कागदांवर नुकत्याच सह्या केल्या होत्या. "घर म्हणजे दुःख" हे वाचून बायकोला म्हटलं, "नाथमहाराज जरा उशिरा आले गं." दोघं हसलो. तेव्हा वाटलं होतं, हा दृष्टान्त माझ्यासाठी नाही, संन्याशांसाठी आहे. पण नाथ स्वतः पैठणला घरसंसार करणारे. ही टीका त्यांनी १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली खरी, पण ती लिहिणारा माणूस गृहस्थ होता. मग सापाचा धडा घर घेणाऱ्यालाही लागू असणारच.

तो कसा लागू होतो, हे मला कळायला एक वर्ष गेलं. आज ते सगळं सांगतो. यात माझी फारशी शोभा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

काजळी

आम्ही घेतला तो फ्लॅट सिंहगड रस्त्याच्या बाजूचा, जुना, तळमजल्यावरचा वन बीएचके. किंमत ४६ लाख, त्यातलं कर्ज ३४ लाख, हप्ता साधारण साडेएकोणतीस हजार. वर मुद्रांक शुल्क ७ टक्के आणि नोंदणीचे ३० हजार. खिशातून घालायच्या रकमेत बाबांच्या फंडातले सहा लाख होते. तळमजला मुद्दाम बघितला, कारण बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं होतं. डिसेंबरमध्ये आई-बाबांनी साताऱ्याकडच्या गावाहून इथे यायचं, ऑपरेशन करून घ्यायचं आणि मग इथेच राहायचं, असं ठरलं होतं. आम्ही स्वतः राहतो ते भाड्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

फ्लॅटमध्ये भाडेकरू होते. नवरा-बायको आणि एक मुलगी. दादा शाळेची व्हॅन चालवतात, वहिनी घरून शिवणकाम करतात, मुलगी तेव्हा नुकतीच दहावीत गेलेली. भाडं १४ हजार.

घर बघायला गेलो तेव्हा वहिनींनी चहा केला. चहा घेता घेता मी एजंटशी बोलत होतो. हा ओटा काढू, ही खिडकी मोठी करू. ज्यांच्या कपातला चहा पीत होतो, त्यांचं स्वयंपाकघर त्यांच्यासमोर तोडत होतो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीतला एक छोटा कोनाडा होता. त्यात विठ्ठल-रखुमाई, समई, आणि वरच्या बाजूला दिव्याची काजळी. एजंट म्हणाला, "हे काळं पेंटमध्ये जाईल, सर, काळजी करू नका." मीही मान डोलावली.

रात्री झोपताना आठवलं. तीन घरांपूर्वी, म्हणजे आमच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या भाड्याच्या घरात, आमच्याही देवघरामागे असंच काळं झालं होतं. सोडताना घरमालकांनी डिपॉझिटमधून दीड हजार कापले. कारण दिलं, "भिंत खराब केली." पैशांपेक्षा तो "खराब" शब्द लागला होता. दोन वर्षं रोज संध्याकाळी लावलेल्या दिव्याचं कागदावर नाव झालं 'डॅमेज'. आणि आज तीच काजळी मला डाग दिसली, कारण आता भिंत माझी होणार होती.

भिंत तशीच होती आणि काजळीही तशीच. बाजू तेवढी बदलली होती.

कायद्याने मी मोकळा होतो

विकणाऱ्यांनी विचारलं, "रिकामा करून देऊ की भाडेकरूंसकट घेता?" मी वकिलांना विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते तुमच्यापैकी घर घेणाऱ्यांना आणि भाड्याने राहणाऱ्यांना, दोघांनाही उपयोगी आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

आपण बोलताना 'भाडेकरू' म्हणतो, पण पुण्या-मुंबईत बहुतेकांचा करार 'लीव्ह अँड लायसन्स' असतो. कागदावर तो माणूस भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो. म्हणजे त्या जागेत त्याचा हक्क निर्माण होत नाही, राहायची परवानगी मिळते. खरा भाडेपट्टा असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०९ प्रमाणे नवा मालक जुन्याच्या जागी उभा राहतो आणि पट्टा चालू राहतो. पण परवानगीचं तसं नाही. इझमेंट कायद्याचं कलम ५९ सांगतं की मालकाने मालमत्ता दुसऱ्याला दिली, तर घेणारा त्या परवानगीला बांधील नसतो. दोन्ही कायदे १८८२ चे. एकाच साली केलेल्या दोन कायद्यांत दोन प्रकारच्या राहणाऱ्यांचं नशीब वेगळं लिहिलंय, आणि आपण सही करताना बहुतेक वेळा ते वाचतही नाही.

दादांचा करार अकरा महिन्यांचा, ३१ जानेवारीला संपणारा. तरी वकील म्हणाले, "तो करार त्यांचा आणि जुन्या मालकांचा. तुम्ही त्यात नाही. सामान हलवायला वाजवी वेळ द्यावा लागेल, एवढंच."

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. आणि ते हायसं वाटणंच नंतर टोचलं. आपण रोज ज्याच्यासमोर हात जोडतो तो विचारेल तेव्हा मी "कलम ५९" म्हणणार आहे का?

पुण्य की नफा?

मी इंजिनियर माणूस. प्रश्न पडला की आधी शीट उघडतो.

एजंटचा सल्ला होता : जुलैमध्येच रिकामा ताबा घ्या. आत माणूस असलेला फ्लॅट म्हणजे डोकेदुखी, उद्या उठलाच नाही तर? ही भीती अगदीच खोटी नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ मध्ये मुदतीनंतर घर न सोडणाऱ्या परवानाधारकाला बाहेर काढायची सोय आहे, दुप्पट रक्कम भरायची तरतूदही आहे, पण त्यासाठी अर्ज-तारखा करायला लागतात, आणि आमच्याकडे डिसेंबरचं ऑपरेशन होतं.

दुसरी बाजू : जुलै ते नोव्हेंबर घर रिकामं ठेवलं तर पाच महिन्यांचे ७० हजार जातात. ठेवलं तर येतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एक महिन्याची नोटीस दिली की डिसेंबरला घर मोकळं.

शीटने उत्तर दिलं : ठेवा.

मग मी गेलो आणि दादा-वहिनींना म्हणालो, "काही काळजी करू नका. आम्ही तुम्हाला काढणार नाही. निवांत राहा." वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. दादा म्हणाले, "सर, देवासारखे आलात." मी घरी येऊन नेहमीपेक्षा जास्त वेळ पूजा केली. मन कसं प्रसन्न होतं.

डिसेंबरचं मी त्यांना काहीही सांगितलं नव्हतं.

हे मी खोटं बोललो का? एकही वाक्य खोटं नव्हतं. "आत्ता काढणार नाही" यातला "आत्ता" फक्त गिळला. ७० हजारांचा हिशोब मी दयेच्या कपड्यात गुंडाळला, आणि त्या बदल्यात दादांकडून 'देव' हा शब्दही घेतला. मंडळी, नफा मिळवणं पाप नाही. पण नफ्याला पुण्य म्हणून देवासमोर ठेवणं, ही वेगळीच गोष्ट आहे.

एक काम मात्र त्या काळात बरोबर केलं, तेही वकिलांमुळे. दादांचं ४० हजारांचं डिपॉझिट जुन्या मालकांकडे होतं. घर विकलं की ते पैसे कोणी द्यायचे यावर नंतर वाद होतात आणि त्यात राहणारा भरडला जातो. आम्ही ते खरेदीच्या रकमेतून वजा करून घेतलं, करारात तसं लिहिलं आणि दादांना समोर बसवून सांगितलं की आता डिपॉझिटची जबाबदारी माझी.

"बघू"

सप्टेंबरमध्ये, गणपतीनंतर, वहिनींचा फोन आला. "सर, मुलीच्या क्लासचा पुढचा हप्ता भरायचाय. क्लास इथून चालत आहे, म्हणून विचारते. परीक्षा होईपर्यंत आहोत ना आम्ही इथे?"

मी म्हणालो, "हो हो... बघू."

मराठीत 'नाही' म्हणायला जे शब्द आहेत त्यातला सगळ्यात भित्रा शब्द 'बघू'. ऐकणाऱ्याला त्यात 'हो' ऐकू येतं, म्हणणाऱ्याला माहीत असतं की 'नाही'. आणि दोघांमधल्या त्या फरकाची किंमत ऐकणारा भरतो. वहिनींनी क्लासचे पैसे भरले.

बायको शेजारीच होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "बघू म्हणजे काय? तुला तर तारीख माहितीये."

मी काहीतरी सारवासारव केली. ती पुढे म्हणाली, "आपल्याला त्या वडगावच्या घरातून पंधरा दिवसांत काढलं होतं, आठवतंय? तू किती चिडला होतास. घर मागितलं म्हणून नाही चिडलास. तू म्हणत होतास, यांना दोन महिने आधीच माहीत होतं, मग सांगितलं का नाही?"

मला आठवत होतं. अगदी तेच शब्द होते माझे.

आपल्या गीता-वाचनात सहाव्या अध्यायातला ३२ वा श्लोक झाला होता तेव्हा मी इथे लांबलचक लिहिलं होतं. जो दुसऱ्याचं सुखदुःख स्वतःच्या मापाने बघतो, तो योगी श्रेष्ठ, असा त्याचा भाव. मी तेव्हा आत्मौपम्याचा अर्थ लावला होता 'सहानुभूती', म्हणजे दुसऱ्यासाठी आतून काहीतरी वाटणं. पण मला तर वहिनींबद्दल वाटतच होतं! वाटण्यात काही कमी नव्हतं. कमी होती ती एका तारखेची. स्वतःच्या मापाने बघायचं तर आधी विचारायला हवं होतं की त्यांच्या जागी असताना मला काय हवं होतं. मला प्रेम नको होतं, वेळेवर माहिती हवी होती.

आमच्या कामात हे रोज करतो आम्ही. एखादी सेवा बंद करायची असेल, तर ती वापरणाऱ्यांना महिनोनमहिने आधी कळवतो : अमुक तारखेनंतर हे चालणार नाही, तुमची सोय करून ठेवा. न कळवता चालू सिस्टिम बंद केली तर नोकरी जाईल. अनोळखी कंपनीच्या सर्व्हरला जी वागणूक मी न चुकता देतो, ती दहावीतल्या एका मुलीला दिली नव्हती.

कोणाच्या हिश्श्यातलं?

आता प्रश्न खरा झाला. डिसेंबरला घर हवं, बाबांसाठी. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. करारही जानेवारीअखेर संपतो, म्हणजे करार शब्दशः पाळला असता तरी ऐन परीक्षेच्या तोंडावर त्यांना सामान हलवायला लागलं असतं. एकीकडे वडील, दुसरीकडे दुसऱ्याची मुलगी. एरवी आपण प्रवचनात ऐकतो तसं एक बाजू धर्म आणि दुसरी अधर्म असं इथे नव्हतं. म्हाताऱ्या आई-बापाची सेवा हा धर्म नाही, असं कोण म्हणेल?

मला एक सुंदर मार्ग सुचला. बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. ऑपरेशन एप्रिल-मेमध्ये करू का, असं विचारलं. बाबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "माझ्या गुडघ्याचं मी बघतो. लेकराची परीक्षा होऊ दे. पण तू त्यांना तारीख सांग."

मी भारावलो. बाबांचं मन केवढं मोठं! बायकोला सांगितलं तर ती गप्प. मग म्हणाली, "थंडीत ते रात्री झोपू शकत नाहीत, आई सांगत होत्या. तुझ्या खिशातून गेलं तर ती भक्ती. बाबांच्या गुडघ्यातून गेलं तर ती उधारी आहे, आणि फेडतायत ते."

दोन दिवस मी तिच्याशी नीट बोललो नाही. खरं बोललेलं असं लागतं.

त्या दिवसांत मला तुकोबांची ती गोष्ट आठवत राहिली. घरी सावकारी होती. लोकांची कर्जखतं पडून होती. दुष्काळात सगळं पाहिल्यावर तुकोबांनी ती इंद्रायणीत बुडवली, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्या कथेतला एक तपशील आपण घाईत सोडून देतो. परंपरेत असं सांगतात की धाकट्या भावाने, कान्होबांनी, आपला वाटा मागितला तेव्हा तुकोबांनी खतांचे दोन भाग केले. अर्धी कान्होबांना दिली आणि आपल्या वाट्याची अर्धीच नदीत सोडली. भावाने त्याच्या वाट्याचं काय करावं, हे त्यांनी ठरवलं नाही.

एवढ्या मोठ्या वैराग्याच्या क्षणीसुद्धा आधी वाटणी. दुसऱ्याच्या हिश्श्यावर मोठेपणा करायचा नाही.

माझा हिस्सा कुठला होता? गुडघा बाबांचा. सहा लाखही बाबांचे. हप्त्यातला निम्मा बायकोच्या पगारातून. माझं म्हणावं असं फक्त माझ्या खात्यातलं होतं, आणि नेमकं तेवढ्यालाच मी हात लावला नव्हता. बाबांनी 'हो' म्हटलं होतं, हे खरं. पण बापाने लेकाला दिलेला होकार हा होकार धरायचा का? आयुष्यभर ते माझ्या प्रत्येक गोष्टीला 'हो'च म्हणत आलेत.

मग पुन्हा शीट उघडली. ऑपरेशन डिसेंबरलाच. आमच्याच गल्लीत तळमजल्यावर एक वन आरके मिळत होतं, १७ हजारांनी. दादांकडून १४ हजार येत राहणार, म्हणजे महिन्याला ३ हजारांची तूट. जानेवारी ते मे, पाच महिन्यांचे १५ हजार. एजंटची एक महिन्याची दलाली १७ हजार. सामान दोनदा हलवायचे ८ हजार. एकूण ४० हजार. ऑपरेशननंतरचे पहिले दिवस दवाखान्यात आणि जवळच राहणाऱ्या मावशीकडे जाणार होते, त्यांच्याकडे लिफ्ट आहे.

चाळीस हजार. मी तो आकडा बघत बसलो. त्याच्या आधल्या वर्षी मी फोन घेतला होता, सत्तर हजारांचा. जुना चालत असताना. तेव्हा शीट उघडली नव्हती.

म्हणजे ज्याला मी धर्मसंकट समजून दोन महिने घोळत होतो, ते एका फोनच्या निम्म्याहून थोड्या जास्त किमतीत सुटत होतं. वडील की दुसऱ्याची मुलगी, असा पेच मी मांडला, कारण तिसरी बाजू, मी स्वतः, त्या गणितात धरलीच नव्हती. मंडळी, आपल्या बऱ्याच धर्मसंकटांत हे असं असतं, असं मला आता वाटतं. दोन माणसांत निवड करताना आपण हळहळतो, पण स्वतःला यादीत घालत नाही.

सगळ्यांना चाळीस हजार शक्य नसतात, हेही खरं. कोणाच्या हप्त्याला भाड्याची एकेक नोट लागत असेल, कोणाला स्वतःला राहायला घर हवं असेल. अशा माणसाने स्वतःचं घर परत मागितलं तर त्यात अधर्म नाही. मी फक्त एवढंच म्हणतो की 'शक्य नाही' म्हणण्यापूर्वी एकदा आकडा काढून बघावा. आणि शक्य नसेल तर तारीख सांगावी. तारीख सांगायला पैसे लागत नाहीत.

तारीख

ऑक्टोबरमध्ये, दसऱ्यानंतर, आम्ही दोघं दादांकडे गेलो. मी सांगितलं की जुलैमध्येच मला माहीत होतं आम्हाला घर लागणार आहे, आणि मी ते सांगितलं नाही. मग तारीख सांगितली : ३१ मे. जानेवारीनंतरच्या चार महिन्यांचा नवा करार करू, रीतसर नोंदवून. तो लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकाचीच असते, भाडेकरूची नाही. भाडं तेच. त्यानंतर मात्र घर लागेल.

मला वाटलं होतं ते आभार मानतील. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जुलैमध्ये सांगितलं असतं तर तेव्हाच शाळेजवळ बघितलं असतं, सर. तेव्हा बाराने मिळत होतं एक."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. चाळीस हजारांनी ते भरून निघत नाही. तुम्ही वेळेवर खरं न सांगता नंतर कितीही उदारपणा केलात, तरी समोरच्याच्या हातून गेलेली संधी परत येत नाही. त्या दिवसानंतर दादांनी मला 'देवासारखे' म्हटलं नाही. बरं झालं. तो शब्द माझा नव्हताच.

डिसेंबरात बाबांचं ऑपरेशन झालं. जानेवारीत ते आणि आई गल्लीतल्या त्या खोलीत राहायला आले. म्हणजे माझ्या फ्लॅटमध्ये दादा, दुसऱ्याच्या फ्लॅटमध्ये माझे आई-बाबा, तिसऱ्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही. पहिल्याच दिवशी आईने कोपऱ्यात देव मांडले आणि विचारलं, "इथे दिवा लावला तर मालक रागवतील का रे?"

त्या प्रश्नाने साप आठवला.

मागच्या वर्षी मला वाटलं होतं, अवधूत 'घर घेऊ नका' असं सांगतोय. आता वाटतं, तो मालकीचा भ्रम सोडायला सांगतोय. भागवताच्याच सातव्या स्कंधात, चौदाव्या अध्यायात, नारद युधिष्ठिराला गृहस्थाचा धर्म सांगताना म्हणतात की पोट भरण्यापुरतं जेवढं लागतं तेवढ्यावरच माणसाचा हक्क, त्याहून जास्तीला जो 'माझं' म्हणतो तो चोर. फार कडक वाक्य आहे. मी ते पाळतो असं म्हणायची माझी हिंमत नाही, वीस वर्षांचा हप्ता आहे डोक्यावर. पण एवढं कळतं की हे शरीरसुद्धा मुदतीच्या कराराने मिळालंय. नूतनीकरण होत नाही, आणि शेवटची तारीख तर आपल्याला कोणी सांगतही नाही. जो स्वतः परवानगीवर राहतोय, त्याने दुसऱ्या परवानाधारकाशी कसं वागावं? बहुधा शेजाऱ्यासारखं. पंढरीचा राया स्वतः पुंडलिकाने दिलेल्या विटेवर थांबलाय, दुसऱ्याने दिलेल्या एवढ्याशा जागेवर. आपल्याला तर साडेचारशे फूट मिळालेत.

३१ मे

दादांनी घर ठरल्या दिवशी सोडलं. मुलीला ८१ टक्के मिळाले. पेढे द्यायला ती स्वतः आली होती. किल्ली घ्यायला मी, बायको आणि आई गेलो. बाबा काठी न घेता चालत आले, हळूहळू.

मी डिपॉझिटचे पूर्ण ४० हजार तिथेच ट्रान्सफर केले. वहिनी मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि कोनाडा दाखवला. तो त्यांनी घासून काढला होता. दगडी पांढरा दिसत होता, पण वरच्या बाजूला काळसर सावली राहिलीच होती. म्हणाल्या, "सर, खूप घासलं, पण पूर्ण जात नाही. याचे कापून घ्या काय असतील ते."

मला बोलवेना. आई पुढे झाली. तिने कोनाड्यावरून हात फिरवला, बोटाला लागलेलं जरासं काळं बघितलं आणि म्हणाली, "राहू दे गं. रोजचा दिवा दिसतोय तुमचा." आणि पिशवीतून स्वतःची समई काढून तिथेच ठेवली.

रंगारी पुढच्या आठवड्यात आला. आईने त्याला तेवढा कोनाडा सोडायला सांगितलं.

आजचा संकल्प छोटा आहे. कोणाला तरी आपण सध्या 'बघू' म्हणून ठेवलंय का, ते आठवा. घरकामाच्या मावशी असतील, ऑफिसमधला ज्युनियर असेल, लग्नाचं स्थळ असेल, उसने पैसे मागणारा मित्र असेल. आपल्याला उत्तर माहीत असेल तर ते आज सांगून टाका, गोड नसलं तरी. मला जुलैत जमलं नव्हतं.

उद्या अवधूताचा पुढचा गुरू : कोळी, जाळं विणणारा.

राम कृष्ण हरी.